चंद्रीच्या तीन सडांचं दूध

कुडाळ तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. घरी चार दुभत्या गाई, रोज ३४ लिटरच्या आसपास दूध, अठरा घरांचा रतीब आणि शिवाय तारकर्लीच्या वाटेवरचा एक होमस्टे. श्रावणात चंद्रीच्या मागच्या उजव्या सडाला दगडी, म्हणजे कासदाह झाला, डॉक्टरांनी तीन दिवस इंजेक्शन दिलं, सडात औषधाची ट्यूब सोडली. ताईंनी त्या सडाचं दूध ओतून टाकलं आणि बाकीच्या तीन सडांचं कॅनमध्ये घातलं. चौथ्या दिवशी होमस्टेवाल्यांचा फोन, दही लागलंच नाही. मग दोन घरांतून तेच, आणि एकीने तर सरळ विचारलं की दुधात काय घालता. सासरे म्हणतात, "उकळल्यार सगळा मरता, चाळीस वर्सां असाच चलता." ताई विचारतात की दूध नेमकं किती दिवस बंद ठेवायचं, वासराला पाजलं तर चालेल का, आणि गणपती दहा दिवसांवर आलेत, दुधाच्या ऑर्डरी घेऊन बसलोय, आता करू काय.

ताई, तुम्ही दुधात काही मिसळलं नाही हे पत्रावरूनच कळतंय, तुमची चूक वेगळी आहे आणि ती तुमच्या एकटीची नाही, कारण ज्याने सुई टोचली त्याने दूध कधीपासून घालायचं ते सांगायला हवं होतं. हे मी अधिकाराने सांगतोय कारण मी स्वतः हेच केलंय. नोकरीच्या सुरुवातीला देवगडकडे एका घरी गाईला पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं, बॅग उचलली आणि निघालो, दुधाबद्दल अवाक्षर नाही. त्या घरात चार दिवसांनी लग्न होतं, मठ्ठ्यासाठी मोठी टोपं भरून दूध विरजायला लावलेलं, सकाळी बघतात तर नुसतं पातळ, बेचव पाणी. घरातल्या आजीने टोपांना दोष दिला, विरजणाला दिला, नव्या सुनेच्या हाताला दिला. मी आठ दिवसांनी गेलो तेव्हा हे ऐकलं आणि त्या सुनेसमोर बसून सांगितलं की हात तुमचा नाही, इंजेक्शन माझं होतं. तेव्हापासून गोठ्यातून बाहेर पडताना दुधाचे दिवस सांगितल्याशिवाय मी निघालेलो नाही.

तर तीन सडांचं. आपल्याला वाटतं सड चार म्हणजे चार वेगळे नळ, एकाचं पाणी गढूळ तर दुसऱ्याचं चांगलं. दगडीच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं आहे, एका सडाची दगडी दुसऱ्यात गेलीच पाहिजे असं नाही. पण औषधाच्या बाबतीत नाही. मानेत दिलेलं इंजेक्शन रक्तात जातं, रक्त पूर्ण कासेत फिरतं, आणि दूध त्या रक्तातूनच तयार होतं, त्यामुळे चारही सडांत औषध उतरतं. एवढंच काय, नुसती ट्यूब सोडली, इंजेक्शन दिलंच नाही, तरी त्या सडातलं थोडं औषध कासेतून रक्तात शोषलं जातं आणि फिरून दुसऱ्या सडांत येतं. म्हणून एका सडाला औषध असेल तरी चारही सडांचं दूध बाजूला, यात दुसरा विचार नाही.

आणि थोडंसं गेलं तर काय होतंय, असं मनात येईल म्हणून एक हिशेब सांगतो. पेनिसिलीनची दुधातली मर्यादा कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात एका किलो दुधाला ४ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एक ग्रॅम पेनिसिलीन अडीच लाख लिटर दुधात पसरवलं तेव्हा कुठे ते त्या मर्यादेला येईल. तुमच्या कॅनमध्ये आहे ३४ लिटर. चंद्रीचे आठ लिटर वाचवायला गेलात आणि तांबू, गंगी, बाळी तिघींचं निर्मळ दूध पण त्यात बुडालं.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की उकळल्यावर मरतात ते जंतू. औषध म्हणजे जंतू नव्हे, ते मरणार कसं. पेनिसिलीन उकळी आली तरी बऱ्यापैकी टिकतं, टेट्रासायक्लिनसारखी काही औषधं उकळून थोडी कमी होतात पण जात नाहीत. दूध आटवलं तर पाणी उडतं, औषध मागे राहतं, म्हणजे गणपतीत मोदकासाठी, पेढ्यासाठी खवा काढणार असाल तर उलट ते दाटतं. चाळीस वर्षांचं म्हणाल तर चाळीस वर्षांपूर्वी गावात दोन-तीन लिटर देणाऱ्या गावठी गाई होत्या, रोज सुई टोचायची वेळच येत नसे आणि दूधही बहुतेक घरातच संपायचं. आता क्रॉस गाई आल्या, कास मोठी झाली, दगडी वाढली आणि दूध अठरा घरांत जातं. त्या अठरा घरांत एखाद्याला पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असू शकते, एखादं सहा महिन्यांचं बाळ वरचं दूध पीत असतं. आणि असं थोडं थोडं औषध रोज पोटात गेलं की माणसाच्या अंगातल्या जंतूंना त्याची सवय होते, मग खरी गरज पडते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही.

आता किती दिवस. दिवस मोजायचे ते शेवटच्या डोसपासून, पहिल्या डोसपासून नाही, इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. चंद्रीला तीन दिवस इंजेक्शन दिलं, तर तिसऱ्या दिवशीच्या सुईपासून घड्याळ सुरू. औषधाच्या बाटलीवर किंवा खोक्यातल्या कागदावर दुधासाठी विथड्रॉवल पिरियड, म्हणजे शेवटच्या डोसनंतर दूध किती काळ घालायचं नाही ते, लिहिलेलं असतं, कधी तासांत कधी दिवसांत. समजा ७२ तास लिहिलंय आणि शेवटची सुई सोमवारी संध्याकाळी सहाला दिली, तर गुरुवारी संध्याकाळी सहाला ७२ तास पूर्ण, आणि मी तर त्या संध्याकाळची धारही सोडून शुक्रवार सकाळपासूनच दूध घालीन. लेबलवर काहीच नसेल तर? त्यासाठी आपल्याकडे २०१२ पासून औषध नियमांत तरतूद आहे, ज्या औषधाचा काळ तपासून ठरवलेला नाही त्याला दुधासाठी कमीत कमी ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस धरायचे. म्हणून लेबल फाटलं, बाटली हरवली, डॉक्टर फोन उचलत नाहीत, अशा वेळी ७ दिवस धरा आणि फोन लागल्यावर विचारून घ्या. पण हा लेबलवरचा आकडा फक्त लेबलवरच्या डोसपुरता असतो हे विसरू नका. डोस वाढवला, तीनच्या जागी पाच दिवस दिला, दोन औषधं एकत्र दिली, ट्यूब आणि इंजेक्शन दोन्ही चाललं, तर औषध जास्त दिवस उतरत राहतं. गाय तापाने पडलेली असेल तरी तिच्या शरीरातून ते सावकाश निघतं. चंद्रीला दोन्ही दिलंय, त्यामुळे दोघांपैकी ज्याचे दिवस जास्त ते धरा आणि डॉक्टरांना फोन करून त्यात किती वाढवायचे ते विचारा, विचारायला लाजू नका. पुढच्या वेळी औषध निवडतानाच सांगा की डॉक्टर, माझं रतीबाचं दूध आहे, ज्याला दूध कमी दिवस थांबवावं लागेल असं काही बसत असेल तर बघा. अशी औषधं असतात, पण ती त्या आजाराला चालतील का हे डॉक्टरच ठरवतील. दुकानातून आपल्या मनाने आणू नका, आणि फ्रिजच्या दारात मागच्या वर्षीची अर्धी बाटली आहे ती तर आजच बाहेर काढा.

हे सगळं तुम्हाला आता कळलं. पण मी इतकी वर्षं गोठे बघतोय आणि माझं मत असं झालंय की दुधात औषध जातं ते अज्ञानाने कमी आणि विसरल्याने जास्त. सुई दिली तेव्हा घरात तुम्ही होतात. संध्याकाळची धार नवरा काढतो, त्याला सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही माहेरी गेलात, शेजारची पोरगी धार काढायला आली. आणि आता गणपतीत मुंबईहून दीर येणार, हौसेने पहाटे उठून गोठ्यात जाणार, बघ वहिनी मी सगळ्यांची धार काढून ठेवली म्हणून कॅन दाखवणार, आणि त्यात चंद्री पण! त्याला कोण काय बोलणार. म्हणून गोष्ट डोक्यात ठेवायची नाही, गाईवर ठेवायची. सुई देण्याच्या आधी, नंतर नाही, चंद्रीच्या मागच्या पायाला लाल कापड बांधा, आणि घरात येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला एकच नियम माहीत असू दे की लाल कापड म्हणजे कॅन नाही. गोठ्याच्या दारावर पोरांची जुनी पाटी टांगा, त्यावर गाईचं नाव, औषध, शेवटची सुई कधी, दूध कधीपासून. वहीतही लिहा, पण वही कपाटात असते आणि धार काढणारा गोठ्यात असतो, म्हणून पाटी. चंद्रीची धार सगळ्यांच्या शेवटी काढायची, तिची बादली वेगळ्या रंगाची, आणि ती बादली परत कॅनजवळ येणार नाही. शेवटी काढण्याचा दुसरा फायदा असा की दगडीचे जंतूही हातावरून दुसऱ्या गाईंकडे जात नाहीत.

काढलेलं दूध ओतायचं ते शेणखड्ड्यात, विहिरीपासून आणि वहाळापासून लांब. वासराला पाजायचं नाही, तुम्हाला जीव तुटेल हे मला कळतं, पण त्या कालवडीच्या आतड्यात औषध न जुमानणारे जंतू तयार होतात, आणि उद्या तिला हगवण लागली की तेच औषध चालत नाही. कुत्र्यामांजरांना, कोंबड्यांनाही नको.

घरच्या घरी कळेल का, असंही तुम्ही विचारलंय. थोडंफार कळतं. चंद्रीचं आणि जिला गेल्या महिन्यात काही दिलेलं नाही अशा तांबूचं दूध वेगवेगळं उकळा, दोन्ही बोट सोसेल इतकं कोमट झालं की एकाच विरजणातलं तेवढंच तेवढं दोन सारख्या वाट्यांत घाला आणि शेजारी शेजारी ठेवा. तांबूचं घट्ट लागलं आणि चंद्रीचं पातळ राहिलं तर समजा अजून अंश आहे. दोन्ही लागली नाहीत तर विरजण जुनं असेल, भांड्याला साबण राहिला असेल, दूध जास्त गरम असताना विरजण घातलं असेल. पण उलटं धरू नका, दही लागलं म्हणजे औषध गेलं असं अजिबात नाही. दह्याचे जीवाणू काही औषधांना फार नाजूक असतात, काहींना दाद देत नाहीत, आणि जंताचं औषध, दुखण्याचं इंजेक्शन यांचा तर दही लागण्याशी संबंधच नाही. खात्री पाहिजे तर डेअरीत किंवा लॅबमध्ये किटवर तपासून घ्या, पण दिवस मात्र पूर्ण पाळायचेच.

तुम्ही पत्रात शेवटी सहज लिहिलंय की त्याच आठवड्यात गोचीड मारायचं पण केलं. मला ते सहज वाटलं नाही. आपल्या दमट हवेत गोचीड जात नाही, दर पंधरा दिवसांनी कोणीतरी झाकणाने अंदाज घेत औषध पाण्यात ओततं आणि सगळ्या गाईंना भिजवतं. डेल्टामेथ्रिन असो, अमिट्राझ असो, लेबलवर किती पाण्यात किती मिली ते लिहिलेलं असतं, सिरिंजने मोजून घाला. फवारणी धार काढून झाल्यावर करा, आधी नाही. कासेवर, सडावर मारू नका, पुढच्या धारेआधी कास धुवून पुसा, लेबलवर दुधासाठी काय लिहिलंय ते इथेही वाचा. ती बाटली दुधाच्या भांड्यांच्या फळीवर तर कधीच नको. आणि गोचीडसाठी कोणी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सुचवलं तर दुभत्या गाईला नाही म्हणा, ते चरबीत मुरतं आणि दुधातून बरेच दिवस येत राहतं, बऱ्याच कंपन्यांच्या लेबलवर दुभत्या जनावराला देऊ नये असंच छापलेलं असतं. तापासाठी माणसांच्या मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफिनॅक तर मुळीच नको, जनावरांसाठी त्याच्यावर २००६ मध्येच बंदी आली, ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरत होती. आपल्या कोकणात म्हसळ्याकडे चिरगावच्या लोकांनी गिधाडं जपलीत, त्यांचं कष्ट मातीत घालू नका. केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकही २०२३ पासून जनावरांसाठी बंद आहेत, मेलॉक्सिकॅम चालतं, तेही डॉक्टरांच्या हातून आणि दुधाचे दिवस विचारून.

खरवसाबद्दल तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो, कारण तुमची गंगी आटवायला, म्हणजे विण्याआधी तिची धार बंद करायला आलीय. आटवताना डॉक्टर चारही सडांत भाकड काळाची ट्यूब सोडतात, ती मुद्दाम जास्त दिवस टिकेल अशी बनवलेली असते, दुभत्या गाईला चुकूनही वापरायची नाही, खोकी सारखीच दिसतात म्हणून वेगळ्या डब्यात ठेवा. अशी ट्यूब घेतलेली गाय व्यायली की चिकातही औषध असू शकतं. व्याल्यावर किती दिवस दूध बाजूला ठेवायचं हे त्या खोक्यावर असतं, आणि गाय तारखेच्या आधी व्यायली तर त्यात आणखी वाढ होते. त्यामुळे आटवल्याची तारीख लिहून ठेवा, आणि गंगीचा खरवस वाडीत वाटायचा बेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मोह होतो, चार घरांतून निरोप येतात की गाय व्यायली काय गो, पण नाही म्हणा. तसंच घाटावरच्या बाजारातून गाय आणलीत तर तिला शेवटचं काय दिलंय ते विकणारा सांगेलच असं नाही, पहिले ७ दिवस तिचं दूध वेगळं.

आता मूळ दुखण्याकडे येऊ, कारण दगडीच झाली नाही तर यातलं निम्मं करावंच लागत नाही. पावसात आपला गोठा म्हणजे ओला पातेरा (खाली अंथरलेला पाला), जांभ्याच्या फटीत साठलेलं मूत आणि त्यावर बसलेली गाय. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तासभर उघडंच राहतं, गाय लगेच बसली की त्या चिखलातले जंतू सरळ आत. म्हणून धार झाली की सड पोव्हिडोन आयोडीनच्या सडासाठी बनवलेल्या द्रावणात बुडवा आणि लगेच समोर वैरण टाका, ती खात उभी राहील. पातेरा रोज बदला, फटी बुजवा, पाणी बाहेर जाईल असा उतार द्या. प्रत्येक गाईची कास वेगळ्या फडक्याने पुसा, एकच फडकं चौघींना म्हणजे एकीची दगडी चौघींना. अंगठा दुमडून धार काढण्याची सवय असेल तर सोडा, सडाला आतून इजा होते, पूर्ण मुठीने काढा. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत घेऊन बघा, गाठी दिसतात का. आणि आठवड्यातून एकदा एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवून प्रत्येक सडाच्या दुधात तेवढंच ते पाणी घालून वाटी फिरवा, दूध चिकट जेलीसारखं झालं तर आतून दगडी सुरू झालीय. अशा अगदी सुरुवातीच्या वेळी एनडीडीबी, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, शिकवतं तो लेप चांगला, २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना वाटून, कास धुवून, दूध पूर्ण काढून, दिवसातून बऱ्याच वेळा पाच दिवस लावायचा. मी तो वापरून बघितलाय आणि सौम्य दगडीत गुण येताना पाहिलाय. पण कास गरम, दगडासारखी, गाय खात नाही, दुधात रक्त किंवा पाणी, अशा वेळी लेपावर दिवस घालवू नका, १९६२ या नंबरला फोन लावा, जनावरांच्या डॉक्टरांचं फिरतं पथक येतं. औषध लागतं तेव्हा ते द्यायचंच आणि पूर्ण कोर्स द्यायचा. दूध वाया जातंय म्हणून दोन दिवसांत सुई बंद केली तर दगडी परत उलटते आणि मग दूध दुप्पट दिवस ओतावं लागतं.

पावसात पेंडीला आणि पेंढ्याला बुरशी आली तर तेही घालू नका, ते औषध नाही पण त्याचं विष दुधात उतरतं. सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यात ७७ मध्ये अँटिबायोटिक मर्यादेपेक्षा जास्त निघालं आणि बुरशीचं हे विष, अफ्लाटॉक्सिन, ३६८ मध्ये.

गणपतीचं. चंद्रीचं दूध सात दिवस थांबवलं तर ५६ लिटर, तुमच्या ६० रुपये दराने ३,३६० रुपये जातील. कमी नाहीत, सणाच्या तोंडावर तर नाहीतच. पण होमस्टे एकदा तुटला तर तो महिन्याभरात याच्या कितीतरी पट नेईल. आज संध्याकाळी त्यांना आणि त्या दोन घरांना स्वतः फोन करा, सांगा की गाईला औषध चालू होतं, तिचं दूध चुकून मिसळलं, अमुक तारखेपासून घालीन, तोपर्यंत रोज आठ लिटर कमी येईल, तेवढं दुसरीकडून घ्या. उरलेलं २६ लिटर आधी बाळं असलेल्या घरांना आणि मग बाकीच्यांना वाटा. शेजारच्या वाडीतून दूध घेऊन भरपाई करणार असाल तर त्यांच्या गोठ्यातही हेच विचारा, सुई कधी दिली. गिऱ्हाईकांना गाईचं आजारपण सांगितलं तर ती जातील असं तुम्हाला वाटतंय, मला माझ्या अनुभवात उलटं दिसलंय, ज्या बाईने तुम्हाला दुधात काय घालता विचारलं तीच पुढच्या वेळी फोन करून विचारेल, चंद्री बरी झाली काय.

आणि ती दोन वाट्यांची परीक्षा सासऱ्यांच्याच हातून लावून घ्या. आज रात्री, त्यांच्याच विरजणाने.